पायातला जोर

दुकानातल्या तोलाच्या काट्यावर ती बावीस वर्षं बसत होती, आणि या बावीस वर्षांत तिच्या हातून कुणाला चिमूटभर कमी गेलं नाही की चिमूटभर जास्त गेलं नाही. गिऱ्हाइकं तिला काटेवालीच म्हणत. मालक थट्टेने म्हणायचा, "ही बाई जावयालासुद्धा साखर तोलून घालेल." अशी ही काटेवाली गेले कित्येक आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ आपल्याच घरात, आपल्याच नवऱ्याच्या पायाशी गुडघे टेकून बसत होती आणि काट्यावरचा आकडा त्याला धडधडीत खोटा सांगत होती.

आज सकाळी काट्यावर चोवीस होते. तिने एकेचाळीस सांगितले.

"एकेचाळीस!" नवरा पलंगावरूनच ओरडला. "ब्रेकला चाळीस किलो जोर पाहिजे, आपला एकेचाळीस. एक किलो शिल्लक, तो डेपोतल्या मास्तरला बक्षीस!"

ती हसली. हसताना जबडा दुखला. रविवार तीन दिवसांवर आला होता आणि रविवारी हा माणूस डेपोत जाऊन परीक्षेची बस चालवणार होता. सोमवारपासून ती बस माणसांनी भरणार होती. सहा नंबरचा रस्ता. शाळेपुढचा लांबलचक उतार. त्या उतारावर पोरं पुढेमागे न बघता रस्त्यात घुसतात, हे त्याच्याच तोंडून तिने शंभरदा ऐकलं होतं.

झालं होतं ते असं. नवरा अठ्ठावीस वर्षं बसचा ड्रायव्हर. हिवाळ्यात एका गाडीच्या टपातून पाणी गळत होतं, ते काम खरं तर वर्कशॉपचं. पण दुसऱ्याने केलेलं याला कधी पसंत पडेल तर ना! मागच्या शिडीने स्वतः चढला आणि पाय घसरून उताणा पडला. पाठीचा एक मणका दबला. नशीब बलवत्तर म्हणून पाय बधिर झाले नाहीत, की मोडलेही नाहीत. डॉक्टर म्हणाले, चार आठवडे सपाट पडून राहू द्या, मग पट्टा बांधून हळूहळू उठवा.

पण घरात वन्सं आल्या होत्या. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, आईच्या मागे त्यांनीच त्याला वाढवलेलं. चार आठवडे झाले तशा त्या पलंगाशी खुर्ची टाकून पहारेकऱ्याच्या थाटात बसल्या. "डॉक्टरांचं काय जातंय उठवा म्हणायला? मणका आहे तो, दाराची कडी नव्हे. जरा निवांत पडू दे त्याला." त्या 'जरा'चे आणखी तीन आठवडे झाले. चमच्याने भरवणं, कुशीवर वळवणं, पाय उचलून खाली उशी ठेवणं, सगळं दोघींनी केलं. त्याला बोटसुद्धा हलवू दिलं नाही. आणि खोटं कशाला बोला, काटेवालीलाही ते बरंच वाटत होतं. अठ्ठावीस वर्षं जो माणूस दिवस उगवायच्या आत घराबाहेर पडला तो एकदाचा डोळ्यांसमोर होता. दोघींच्या मायेने त्याचं काय होत होतं, ते पांघरुणाखाली होत होतं.

सात आठवड्यांनी फिजिओ आली. पंचविशीची मुलगी, बोलायला मऊ आणि हाताला कडक. तिने पांघरूण काढलं, मांडीला मापाचा टेप लावला. काटेवालीने तेव्हा ते पाय पहिल्यांदा नीट पाहिले. मांडीची कातडी ढिली पडली होती आणि गुडघ्याची वाटी वर आली होती. पोटऱ्या तर नव्हत्याच.

"पायाला काय झालंय?" नवरा म्हणाला. "लागलं पाठीला. पायाला ओरखडासुद्धा नाही."

"काका, स्नायूला लागावं लागत नाही," मुलगी म्हणाली. "नुसतं पडून राहिलं तरी तो जातो. शरीर मोठं हिशोबी असतं. जे वापरत नाही ते पोसत नाही. सगळ्यात आधी मांडी जाते, कारण उभं राहायचं काम तिचं, आणि तुम्ही उभेच राहिला नाहीत. आठवड्यात गेलेलं परत यायला तीन आठवडे धरा. तेही रोज घाम गाळला तर."

वन्सं तेव्हा पदराशी चाळा करत खिडकीबाहेर बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना आपल्या घरची कामं आठवली आणि त्या गेल्या. त्यांना बोल लावावा असं काटेवालीच्या मनात आलं होतं, पण कुठल्या तोंडाने लावणार? उशा तर हिनेच सरकवल्या होत्या.

काट्याची कल्पना फिजिओचीच. माणसं वजन करायला घरात ठेवतात तो साधा काटा पलंगाच्या पायथ्याशी, भिंतीला टेकवून उभा करायचा. नवऱ्याने पाठ सपाट ठेवून उजव्या पायाने तो दाबायचा, पाच मोजेपर्यंत. पाय ठेवायला नीट जागा मिळावी म्हणून काटा उलटा, आकडे खाली. त्यामुळे ते गादीआड जात आणि पायथ्याशी गुडघे टेकून मान वाकडी केली तरच दिसत. पडलेल्याला ते दिसणं शक्य नव्हतं. दाबताना त्याला उठून बघायची परवानगी नव्हती आणि गरजही वाटली नव्हती. घरात काटा वाचायला काटेवाली असताना दुसऱ्या कुणी का वाचावा?

पहिल्या दिवशी तेरा भरले. बाराव्या दिवशी सतरा. तेराव्या दिवशी सोळा.

"एक उतरला?" नवऱ्याने विचारलं.

"होतं असं एखाद दिवस," ती म्हणाली.

तो भिंतीकडे तोंड करून वळला. संध्याकाळी त्याने काट्याला पाय लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चार घास खा म्हटलं तर म्हणे, "कशाला? शरीर पोसत नाही म्हणतात ना, मग मी तरी कशाला पोसू?" हा माणूस बोलून बोलून अख्ख्या डेपोचे कान किटवणारा. असा गप्प तिने त्याला लग्नाच्या एवढ्या वर्षांत पाहिला नव्हता. चार दिवस तो तसाच. आणि फिजिओचं बोलणं तिच्या डोक्यात घण घालत होतं, पडून राहाल तेवढा पाय जाईल. तिला भीती वाटली. हा माणूस असाच भिंतीकडे बघत बघत संपेल अशी सरळ, नागडी भीती.

पाचव्या दिवशी तिने हातापाया पडून त्याला एकदा, फक्त एकदा, काटा दाबायला लावला. पंधरा भरले.

"एकोणीस," ती म्हणाली.

कसं म्हणाली, तिचं तिलाच ठाऊक नाही. तोंडातून निघून गेलं. नवऱ्याने मान वळवली. "काय सांगतेस!" आणि त्या दिवशी तो जेवला. संध्याकाळी हाक मारून म्हणाला, "अगं ये, काटा लाव."

औषध लागू पडलं की मात्रा कमी कशी करणार? रोजचा आकडा तिला कालच्यापेक्षा थोडा वर सांगावा लागे. तो खुशीने आणखी दाबे, दिवसातून दोनदाच्या जागी चारदा दाबे, त्यामुळे खरा आकडाही चढे. पण खरा बिचारा गोगलगायीच्या चालीने, आणि खोट्याला काय, नुसती जीभ हलवायची. त्यात नवऱ्याने सगळे आकडे तारखेवार कागदावर लिहून घ्यायला लावले. तिच्याच अक्षरात, ओळीने.

त्याला स्वतःला कळत नव्हतं का? एव्हाना पट्टा बांधून, काठी घेऊन तो चालत होता. जिने चढताना धाप लागे, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागत. पण ड्रायव्हरची जात. इंजिन कसलाही आवाज करो, समोरची सुई काय म्हणते ते खरं, अशा शिस्तीत आयुष्य गेलेलं. "सवय सुटलीय नुसती," तो म्हणे. "एकेचाळीसचा पाय आहे हा."

एकेचाळीस सांगितले त्या गुरुवारी दुपारी फिजिओ आली. तिने टेप लावला, कागद वाचला, पुन्हा टेप लावला. मग हात धुवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून घेतलं.

"काकू, आकडे भराभर चढलेत. मांडी मात्र बोटभर वाढलीय. असं होत नाही."

काटेवाली भांडी पुसत होती. पुसलेलंच भांडं पुन्हा पुसायला घेतलं. "काटा जुना आहे आमचा."

"जुना काटा एवढा चुकतो?"

या प्रश्नाला बावीस वर्षं काट्यावर बसलेली बाई काय उत्तर देणार?  मुलीने नळ बंद केला. "बुधवारी मी माझं यंत्र घेऊन येते," ती म्हणाली. "तोवर त्यांना डेपोत जाऊ देऊ नका. जुन्या गाड्यांचा ब्रेक पायाच्या जोरावर लागतो असं काकाच सांगत होते."

"नाही जाऊ देत," काटेवाली म्हणाली. रविवारचं तिने सांगितलंच नाही.

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे तिला कळत नव्हतं असं नाही. शुक्रवारी तिने सांगायचं ठरवलं. गरम पाण्याने त्याचे पाय शेकता शेकता म्हणाली, "अहो, एक बोलायचं होतं."

"मलाही," तो म्हणाला. "माझं आधी ऐक. मी ते चार दिवस पडलो होतो ना भिंतीकडे तोंड करून, तेव्हा माझं ठरलं होतं. उठायचंच नाही म्हणून. तू एकोणीस म्हणालीस आणि मी परत फिरलो. कुणाला सांगू नकोस हे."

तिने पाण्यात फडकं बुडवलं, पिळलं, परत बुडवलं. "तुझं काय होतं?" त्याने विचारलं. "काही नाही," ती म्हणाली, "दुकानातलं."

शनिवारी तिने दुसरीकडून प्रयत्न केला. दुकानातून डेपोच्या मास्तरांना फोन लावला. मास्तर म्हणजे ड्रायव्हरांना शिकवणारे आणि त्यांची परीक्षा घेणारे. नवऱ्याचे जुने दोस्त.

"मास्तर, आणखी महिनाभर थांबलं तर?"

"वहिनी, घाबरता काय? डॉक्टरांचं पत्र आलंय, हाड जुळलं. आकड्यांचा कागद त्याने पाठवलाय, तुमच्याच अक्षरात आहे. तुमच्या आकड्यावर शंका घेणारा मी कोण?"

तिने फोन ठेवला. समोर गिऱ्हाईक पिठाची पिशवी घेऊन ताटकळत होतं. त्या दिवशी तिने पहिल्यांदा एक किलोच्या जागी सव्वा किलो घातलं, आणि गिऱ्हाइकानेच जादाचं पीठ परत केलं.

रविवारी डेपोच्या आवारात बारा-पंधरा माणसं जमली होती. सुट्टीच्या दिवशी निम्म्या गाड्या उभ्या असतात, मधली जागा मोकळी होते. डांबरावर दोन पांढऱ्या रेघा मारलेल्या. पहिल्या रेघेवर मास्तर शिटी मारणार, ड्रायव्हरने तिथे ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्या रेघेच्या आत गाडी थांबली पाहिजे. इथवर कायद्याचं. पुढचं कायद्यात नव्हतं. फार दिवसांनी कामावर येणाऱ्याने आपलं एक माणूस दुसऱ्या रेघेच्या पलीकडे, दहा पावलांवर उभं करायचं, अशी त्या डेपोची जुनी रीत. ज्याला स्वतःच्या ब्रेकचा भरवसा नाही त्याच्या गाडीत लोकांनी का बसावं, असा तिचा अर्थ. साहेबांनी तीनदा पत्रक काढून ती बंद केली होती. पत्रकं फळ्यावर होती आणि रीत आवारात. एरवी एखादा दोस्त उभा राहायचा, तोही एक पाय बाजूला ठेवून, आणि सगळे हसायचे.

काटेवालीला ही रीत ठाऊकच नव्हती. नवऱ्याने घरी कधी सांगितली नव्हती.

दोघा-तिघांनी त्याला वर ड्रायव्हरच्या जागेवर चढवलं. "दादा जड झालाय!" कुणी ओरडलं. "जोराचं वजन आहे ते!" हा वरून म्हणाला. गाडी रिकामी नव्हती, सीटांवर वाळूची पोती रचून भरल्या गाडीचं वजन केलं होतं. मास्तरांनी विचारलं, "रेघेवर कोण?"

"कोण म्हणजे?" नवरा खिडकीतून वाकून म्हणाला. "जिने मला उभं केलं ती. जा गं, उभी राहा तिथे. बघू दे यांना."

माणसांनी टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं आपण ऐकलं ते चुकीचं. मास्तरांनी हाताने जागा दाखवली. ती त्यांच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "मास्तर, आज राहू दे ना."

"वहिनी, तुमचं मन धजत नसेल तर मी उभा राहतो. त्यात काय एवढं."

मग मास्तर उभे राहतील. चोवीस किलोंसमोर मास्तर. तीन नातवंडांचा आजोबा.  सांगावं तर आत्ता, या पंधरा माणसांसमोर, तो वर हसत बसलेला असताना. तिने खिडकीकडे पाहिलं. इतका आनंद तिने त्याच्या तोंडावर कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"मीच राहते," ती म्हणाली.

दहा पावलं तिने मोजून टाकली. वळली आणि उभी राहिली. एक पाय बाजूला वगैरे काही नाही, दोन्ही पाय जोडून, बरोबर मधोमध. मनाशी म्हणाली, थांबली गाडी तर देवाची कृपा. नाही थांबली तर निदान दुसऱ्या कुणाला माझं पाप भरावं लागणार नाही. मूर्खपणाच होता तो. सरळ तोंड उघडायचं सोडून बाई अंगावर गाडी घ्यायला निघाली होती. पण भ्यालेल्या माणसाचं डोकं असंच चालतं.

आवाराच्या टोकाला गाडी वळली आणि सरळ झाली. लांबून ती लहान दिसत होती. मग आवाज वाढला, गिअर पडला, आणखी एक पडला. काच उन्हात चमकत होती, आतला माणूस दिसत नव्हता. तिच्या तळव्यांना डांबर थरथरलेलं कळलं.

मास्तरांची शिटी वाजली.

गाडीचं नाक थोडं खाली गेलं. वेग कमी झाला, पण जायला हवा तसा नाही. पहिली रेघ कधीच मागे पडली होती. गाडी पुढे येत होती, चाकं करकरत नव्हती, नुसती फिरत होती. दुसऱ्या रेघेवरून पुढचं चाक गेलं तेव्हा काचेवरचं ऊन सरकलं आणि तिला तो दिसला. सीटवरून उठलेला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून सगळं अंग उजव्या पायावर घातलेला, तोंड वेडंवाकडं झालेला. कुणीतरी किंचाळलं, "वहिनी, बाजूला!" तिला हलता आलं नाही. तिने पाहिलं की त्याचा डावा पायही उजव्यावर चढला आणि एक हात खाली हातब्रेककडे गेला. गाडीने जोराचा हिसका खाल्ला. आत पोती धडाधड पडली. इंजिन बंद झालं.

गाडीचं नाक तिच्या छातीपासून हातभर लांब होतं. त्याची धग तिच्या तोंडावर येत होती.

 मग सगळे एकदम धावले, एकदम बोलायला लागले. मास्तर पांढरेफटक पडले होते. नवरा दाराच्या दांड्याला लोंबकळत खाली उतरला. त्याच्या मांड्या थडथड उडत होत्या. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, ती उभी आहे, पुरी आहे, आणि मग तो वळला आणि गर्दीत मागे उभ्या असलेल्या मेकॅनिकवर तुटून पडला.

"हा ब्रेक बघितला होतास तू? हा? दगडावर पाय ठेवल्यागत झालं मला! माझी बायको मेली असती आत्ता!"

मेकॅनिक साठीला टेकलेला, अबोल माणूस. सहा महिन्यांत निवृत्त व्हायचा होता. "काल संध्याकाळी तपासला मी," तो म्हणाला. "दोनदा. ब्रेकचे पट्टे नवीन आहेत."

"मग काय माझा पाय खोटा? एकेचाळीस किलोचा पाय आहे माझा! मास्तर, लिहा. गाडीचा दोष. वर्कशॉपचा हलगर्जीपणा. याच्या नावावर लिहा."

मास्तरांनी खिशातून पेन काढलं. त्यांना आता कुणाचा तरी दोष हवाच होता. "दादाचा कागद आहे माझ्याकडे," ते मेकॅनिकला म्हणाले. "तुझ्याकडे काय आहे?"

 मेकॅनिकने आपल्या तेलकट हातांकडे पाहिलं.

"गाडीत काही दोष नाही," काटेवाली म्हणाली.

तिचा आवाज इतका बारीक निघाला की जवळच्या दोघांनाच ऐकू गेला. ती मास्तरांच्या पुढ्यात गेली.

"गाडीत दोष नाही, मास्तर. कागद खोटा आहे. मी लिहिलाय तो खोटा. काल संध्याकाळी काट्यावर चोवीस होते. चाळीस कधी झालेच नाहीत. तीससुद्धा नाही."

 मास्तरांचं पेन तसंच वर राहिलं. आता हा भिंतीकडे तोंड फिरवणार, तिला वाटलं. इथे भिंत नव्हती, पण तोंड फिरवायला भिंतच कशाला लागते?

नवरा तिच्याकडेच बघत होता. "कधीपासून?"

"एकोणीसपासून."

"एकोणीस म्हणालीस तेव्हा किती होते?"

"पंधरा."

तो हिशोब करत असावा. एकेक तारीख, एकेक आकडा, ज्याच्यासाठी तो पलंगावरून आरडाओरडा करत आला होता. त्याचे ओठ नुसते हलत होते. मग त्याने दुसऱ्या रेघेकडे पाहिलं, आणि ती उभी होती त्या जागेकडे.

"चोवीस माहीत असून तू तिथे उभी राहिलीस?"

"तुम्हाला सांगायला तोंड नव्हतं मला," ती म्हणाली. "उभं राहायला पाय तेवढे होते."

"मूर्ख!" तो ओरडला. इतक्या मोठ्याने की त्याचाच आवाज फाटला. "अगं मूर्ख बाई, माझ्या गाडीखाली! माझ्या!" आणि तो सर्वांदेखत रडायला लागला, बसच्या दाराला धरून, नाक पुसायचंही भान नसलेला. एक-दोघांनी मान खाली घातली. ती जवळ गेली नाही. जायचा हक्क आपल्याला उरलाय की नाही हेच तिला कळेना.

थोड्या वेळाने त्याने बाहीने तोंड पुसलं. आधी मेकॅनिककडे गेला, गाडीला हात लावत लावत. "माफ कर," तो म्हणाला. "तुझा ब्रेक चांगला होता. म्हणून तर हातभर आधी थांबली." मेकॅनिकने मान हलवली. मग तो मास्तरांना म्हणाला, "लिहा, नापास. पायात जोर नाही. चोवीस."

"दादा, आजच लिहायची काय घाई आहे? आपण..."

"लिहा. आणि तो कागद द्या इकडे."

मास्तरांनी कागद दिला. त्याने तो फाडला नाही. घडी घालून खिशात ठेवला.

कुणी म्हणालं घरी सोडतो, कुणी म्हणालं रिक्षा बोलावतो. त्याने हातानेच नको म्हटलं. काठी घेतली आणि फाटकाकडे चालायला लागला. फाटक चांगलं लांब होतं आणि घर त्याहून लांब. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही, चल म्हणाला नाही, येऊ नकोसही म्हणाला नाही. ती दोन पावलं मागे राहून निघाली. धरायला हात पुढे करायची तिची हिंमत नव्हती. पंधराएक पावलांवर त्याचा गुडघा मुडपला, त्याने सावरलं. आणखी थोडं गेल्यावर तो थांबला. पँटच्या आत मांड्या थरथरत होत्या. मागे माणसं गप्प उभी राहून बघत होती. तीही थांबली.

"किती झाली पावलं?" त्याने मागे न बघता विचारलं.

"एकतीस."



"खरी?"

"खरी."

मग त्याने काठी पुढे टेकवली आणि बत्तिसावं पाऊल टाकलं.